जमिनीखालच्या इंधन टाक्यांची गळती : पंपचालक आणि विहीरमालकांना जाहीर आवाहन

बुलढाणा जिल्ह्यातल्या पेट्रोल पंपांचे इंधन जमिनीत पुरलेल्या टाक्यांत साठवले जाते. गंजामुळे किंवा सैल सांध्यातून ते झिरपू लागले तरी वर काहीच दिसत नाही. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात फुगणारी काळी माती नळांवर ताण आणते, तो वेगळाच. चिखली-मेहकरकडे बेसाल्टच्या भेगांतून, तर नांदुरा-शेगावकडे पूर्णेच्या गाळातून इंधन भूजलापर्यंत पोहोचू शकते. पेट्रोलमधले बेंझीन पाण्यात विरघळते आणि ते कर्करोगकारक आहे. खारपाणपट्ट्यात तर गोड पाण्याची विहीर नासली की दुसरी शोधायची कुठे?

अमेरिकेने १९८४ साली अशा टाक्यांसाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरण घातले. भारतात जबाबदारी वाटली गेली आहे आणि तक्रारदाराची दमछाक इथेच होते. पेट्रोलियम नियम, २००२ खालचा साठवण परवाना ‘पेसो’ ही केंद्राची पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना देते. तिचे मुख्यालय नागपुरात आहे. जागेचे ना हरकत प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांचे. पाण्याचे प्रदूषण महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात विहिरी आणि भूजलही येते. अपघाताने इंधन पाण्यात गेल्यास मंडळाला कळवणे जागेच्या प्रमुखावर बंधनकारक आहे.

पंपचालकांनी रोजची डिप आणि विक्री यांचा मेळ घालावा. सततची तूट तापमानाच्या नावावर खपवू नये. टाकीत वारंवार पाणी सापडणे हेही गळतीचेच लक्षण असू शकते. खडी क्रशर आणि ट्रान्सपोर्टवाल्यांनीही लक्षात घ्यावे, की २,५०० लिटरपेक्षा जास्त डिझेल साठवायला परवाना लागतो.

विहिरीला वास येऊ लागेपर्यंत गळती बहुधा जुनी झालेली असते, म्हणून शेतकऱ्यांनी थांबू नये. पाण्यावर तवंग किंवा रॉकेलसारखा वास आढळल्यास विहिरीत उतरू नये, मोटार सुरू करू नये, काडी पेटवून तर मुळीच पाहू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने विहिरीतच साचते. पाणी उकळून पिणे हा उपाय नव्हे. ११२ वर कळवून तहसीलदार आणि प्रदूषण मंडळाकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. पाण्याची तपासणी मागताना पेट्रोलजन्य द्रव्यांचा स्पष्ट उल्लेख करावा. क्षार आणि जंतूंच्या नेहमीच्या चाचणीत ती सापडत नाहीत.