समजून घ्या : गाडीतून उतरलं की धबधबा! मग कुंभेला धोका नेमका कुठे असतो?

माणगाव तालुक्यातला कुंभे धबधबा रीलमध्ये दिसतो तसाच आहे. अर्धवट राहिलेल्या जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यातून वाट जाते. बाहेर पडलं की हिरवंगार पठार, ढग आणि समोर खोल दरी. ट्रेक नाही, दमछाक नाही. म्हणूनच पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी इथे गर्दी उसळते.

१६ जुलै २०२४ रोजी याच ठिकाणी मुंबईहून आलेली एक तरुणी व्हिडिओ शूट करताना सुमारे ३०० फूट दरीत कोसळली. बचाव पथकाने तिला वर आणलं, पण ती वाचली नाही. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, ३० जूनला, लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले होते.

अशा बातम्यांखाली कमेंट ठरलेली असते : ‘मस्ती नडली.’ मला हे पटत नाही. मस्ती करणारे असतात, पण बहुतेकांना आपण कशावर उभे आहोत हेच माहीत नसतं. आणि ते सांगणारं तिथे कुणी नसतं.

काठ का तुटतो?

रायगडच्या किनारपट्टीमागे उभा असलेला सह्याद्री लाव्हारसाचा बनला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थरांनी पसरला आणि त्याचा काळा बेसॉल्ट झाला. सगळे थर सारखे कठीण नाहीत. काही भक्कम, काही सच्छिद्र, आणि मध्ये कुठे कुठे लाल मातीसारखा मऊ थर. पाणी आधी मऊ थर पोखरतं. वरचा कठीण थर मग छज्जासारखा पुढे येतो आणि एक दिवस तुटतो. धबधबे असेच मागे सरकत जातात.

म्हणजे फोटोसाठी आपण ज्या टोकावर उभे राहतो, त्याच्या खाली कदाचित काहीच नसतं. वर शेवाळ आणि पायात चप्पल.

पाणी अचानक कुठून येतं?

कातळावर पाणी फारसं मुरत नाही, उतारावर ते थांबत नाही. आता साधं गणित करू. वरच्या पठारावर एक चौरस किलोमीटर भागात तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी होतं ५ कोटी लिटर. म्हणजे १० हजार लिटरचे ५ हजार टँकर, आणि सगळे एकाच अरुंद ओढ्यात रिकामे होणार. ताम्हिणीत २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला होता.

पाऊस वर पडतो आणि आपण खाली असतो. आपल्या डोक्यावर ऊनही असू शकतं. त्यात प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. त्यामुळे मघाशी गमतीचं वाटलेलं गुडघाभर पाणी पाच-दहा मिनिटांत पाय उचलू शकतं.

पोहता येत असेल तर?

कुंडात त्याचा फार उपयोग नाही. वरून पडणारं पाणी आणि त्यात गरगरणारे दगड तळ खोल कोरत जातात. किती खोल, ते वरून दिसत नाही. पांढऱ्या फेसात हवा मिसळलेली असते, त्यामुळे अंग नेहमीसारखं तरंगत नाही. पडणारी धार माणसाला खाली दाबते ते वेगळंच.

मग बंदी हाच उपाय?

दर पावसाळ्यात प्रशासन मनाई आदेश काढतं. खारघरच्या पांडवकड्यावर वर्षानुवर्षे बंदी आहे. तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे चार विद्यार्थिनी वाहून गेल्या. बंदी कागदावर राहते, लोक आडवाटेने आत शिरतात. आणि मग ज्यांनी वाट दाखवली असती, ते गावकरीच गप्प बसतात. चहा-भजीचा, पार्किंगचा चार पैशांचा हंगामही त्यांच्या हातून जातो.

बंदीत मोठी त्रुटी ही, की ती लांबून पाहणारा आणि कुंडात उतरणारा यांच्यात फरक करत नाही. दोघेही सारखेच गुन्हेगार. मग नियम मोडायचाच तर पूर्ण मोडू, असं होतं.

याच जिल्ह्यात दुसरं उदाहरण आहे. कोलाडला कुंडलिकेत भिऱ्याच्या वीज प्रकल्पातून सुटणाऱ्या पाण्यावर राफ्टिंग चालतं. तिथे लाइफ जॅकेट आणि हेल्मेट घालून, प्रशिक्षित गाइडसोबतच बोटीत बसायचं असतं. पर्यटक कुरकुर न करता ते पाळतात. तीच माणसं धबधब्यावर बेफिकीर होतात, कारण तिथे कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं सोपं आहे : पाहायला मुभा, उतरायला मनाई. काठापासून आत रेलिंग लावा. वरच्या पठारावर पर्जन्यमापक आणि खाली भोंगा ठेवा. गावातल्या तरुणांना प्रशिक्षण देऊन माणशी थोडं शुल्क घेऊ द्या. रेड अलर्टच्या दिवशी मात्र रस्ताच बंद करा. यातलं काहीच मोठ्या तंत्रज्ञानाचं नाही. रस्ता धबधब्यापर्यंत नेता येतो, तर भोंगाही नेता येईल.

तोवर तुम्ही काय कराल?

- निघण्यापूर्वी मनाई आदेश आणि हवामान विभागाचा घाटमाथ्यासाठीचा इशारा पाहा. ऑरेंज किंवा रेड असेल तर बेत पुढे ढकला.
- काठापासून निदान दहा पावलं मागे राहा. सेल्फी घेताना पाठ दरीकडे नको.
- पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर लगेच उंचावर जा. सामान राहू द्या.
- कुणी वाहून जात असेल तर मागे उडी मारू नका. दोर, ओढणी, काठी जे असेल ते फेका आणि ११२ वर फोन करा.
- दरीत रेंज जाते. कुठे चाललोय आणि किती वाजता परतणार, हे घरी सांगून निघा.

कुंभेला जरूर जा. दरी दहा पावलं मागूनही तेवढीच सुंदर दिसते.