दुधाचे दात पडणारच, मग काळजी कशाला?

हा प्रश्न आमचा नाही. विष्णुपुरीच्या एका वस्तीतल्या आजीबाईंचा आहे. सहा वर्षांची नात गालाला पदर लावून कोपऱ्यात बसलेली. गाल सुजलेला, रात्रभर झोप नाही. आम्ही विचारले, डॉक्टरला दाखवले का? तर आजीबाई म्हणाल्या, "ताई, दुधाचेच तर दात हायेत, पडणारच हायेत की. थोडी मिश्री दाबलीय, ठणका राहील."

सहा वर्षांच्या पोरीच्या दाढेत तंबाखूची राख! मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, दुसरे काही नाही. दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने 1992 सालीच बंदी घातली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला कोण बंदी घालणार? ठणका घटकाभर बधीर होतो, कीड तशीच राहते आणि लेकराला व्यसनाची ओळख होते ती वेगळीच. असो. आजीबाईंना दोष देऊन काय उपयोग? त्यांचे स्वतःचे दात पन्नाशीच्या आतच गेले, तेव्हा त्यांना कोणी सांगितले होते?

त्या मुलीची आई सकाळी खुरपणीला जाते. जाताना हातावर बिस्किटाचा पुडा ठेवते. पोर दिवसभर त्यातले एकेक खाते, मध्ये चहात बुडवून खाते. दुपारी दुकानावरची गोळी, संध्याकाळी रंगीत पेप्सीची नळी. पाच-दहा रुपयांत पोर गप्प बसते. आता किडीमुळे भाकरी चावत नाही, म्हणून पुन्हा बिस्किट आणि पाव. त्याने आणखी कीड. खाण्याने दात गेले, आणि दात गेले म्हणून खाणे गेले. अंगणवाडीच्या वजनकाट्यावर जे लेकरू मागे पडते, त्याच्या तोंडात एकदा डोकावून पाहावे असे आम्हाला वाटते. ठणकणाऱ्या दाढेने कोणते मूल पोटभर जेवेल?

दाताला अळी लागते, ही समजूत सोडा. कीड म्हणजे अळी नव्हे. दातावरच्या चिकट थरात सूक्ष्म जंतू असतात. साखर मिळाली की ते तिचे आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळवते. एकदा गोड खाल्ले की साधारण अर्धा तास हा उद्योग चालतो. मग लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि कवचाची थोडीफार डागडुजी करते. म्हणजे दिवसाला किती गोड खाल्ले, यापेक्षा किती वेळा खाल्ले हे अधिक महत्त्वाचे. सात बिस्किटे जेवणासोबत एकदम खाणारे मूल आणि तीच सात दिवसभर पुरवून खाणारे मूल, यांत दुसऱ्याचे दात आधी जातात.

हे ज्ञान जगाला कसे मिळाले, तेही वाचकांनी जाणून घ्यावे. स्वीडनमध्ये विपेहोम नावाच्या संस्थेत 1945 नंतर काही वर्षे मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खाऊ घातल्या. जेवणाच्या मधल्या वेळेत टॉफी खाणाऱ्यांचे दात भराभर किडले. निष्कर्ष खरा ठरला. पण ज्यांचे दात गेले त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यावरच प्रयोग होतात, हे आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको.

काही माता म्हणतात, आम्ही साखर देत नाही, गूळ देतो. उसाच्या मुलुखात गूळ स्वस्त आणि पौष्टिक मानतात. परंतु जंतूंना गूळ आणि साखर यांत फरक कळत नाही. गूळ तर चिकट, दातावर जास्त वेळ बसतो. गूळ-शेंगदाणे जेवणाला जोडून द्या, वर चूळ भरायला लावा. वैशाख पौर्णिमेची खीर आणि जयंतीचे गोडधोड यांना आमची काही हरकत नाही. वर्षातून दोन दिवस पोटभर गोड खाऊन दात किडत नाहीत. रोजच्या गोळीने किडतात. आणि हो, तान्ह्या बाळाला साखरेच्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. झोपेत लाळ कमी होते आणि वरचे पुढचे दात उगवता उगवताच काळे पडतात.

मग मधल्या वेळी द्यायचे काय? आपल्याकडे काय कमी आहे! फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, हंगामात हरभऱ्याचे ढाळे, पेरू, बोरे, काकडी. अगदी लहानाला मात्र अख्खे दाणे नकोत, घशात अडकतात. जेवणात ज्वारीची भाकरी, तीळ-कारळाची चटणी, शेवग्याचा पाला, डाळ आणि परवडेल तेव्हा अंडे. हिरड्यांसाठी आवळा. रात्री निजण्यापूर्वी दात घासलेच पाहिजेत, तेही राखेने किंवा विटेच्या भुकटीने नव्हे. फ्लोराईडची पेस्ट तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी पुरे. सात वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने हात धरून घासावेत.

फ्लोराईडवरून आठवले. आपल्या नांदेड जिल्ह्यात काही गावांच्या बोअरच्या पाण्यात हाच फ्लोराईड मुळातच जास्त आहे. तेथील मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे दिसतात. ती कीड नव्हे आणि मळही नव्हे. घासून जात नाहीत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराईड असू नये, असे आपले मानक आहे. गावात अनेक मुलांचे दात असे असतील, तर मंजन बदलू नका, ग्रामपंचायतीकडे पाणी तपासण्याची मागणी करा.

आता आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर. पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांत पडतात हे खरे. दुधाच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. त्यांच्या मुळाशीच कायमच्या दाताचा कोंब असतो. वर पू झाला तर खालच्या कोंबालाही इजा होऊ शकते. दाढ अकाली काढावी लागली, तर शेजारचे दात सरकतात आणि नवा दात वाकडा येतो.

विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय त्या वस्तीपासून फार लांब नाही. आईचा एक दिवसाचा रोज बुडाला, पण ती गेली. दाढ वाचली नाही, काढावी लागली. डॉक्टरांनी तिला मुलीच्या तोंडात आणखी एक गोष्ट दाखवली. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, हिरडीतून नुकतीच डोकावणारी नवी दाढ. कोणताही दात न पडता ती सहाव्या वर्षी येते, म्हणून बहुतेक घरांत तिलाही दुधाचीच समजतात. ती कायमची असते. आई आता रोज रात्री बॅटरी लावून ती दाढ पाहते.