कानांनीं वाचलेलीं पुस्तकें

ऐकलेल्या पुस्तकास ‘वाचलेलें’ म्हणावें कीं नाहीं, हा वाद हल्लीं सुशिक्षित घरांतून वरचेवर ऐकूं येतो. कानांत इअरफोन घालून पोळ्या लाटतां लाटतां कादंबरी संपविणारी सून आणि चष्मा पुसून पान उलटणारे सासरे ह्यांचें ह्या मुद्द्यावर एकमत होणें कठीण. आमच्या मतें ह्या वादांत फारसा अर्थ नाहीं. आपल्या घरांत पुस्तक प्रथम शिरलें तें कानाच्या वाटेनेंच. चातुर्मासांत एकानें पोथी वाचावी आणि दहाजणींनीं वाती वळीत ती ऐकावी, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालला. आणि त्या दहाजणींपैकीं एकीलाहि ‘तूं शिवलीलामृत वाचलें नाहींस, नुसतें ऐकलेंस,’ असें म्हणण्याची कोणाची छाती झाली नसती. मग आतांच हा सोंवळेपणा कां? खरा प्रश्न निराळाच आहे. वाचतांना पुस्तक आणि आपण ह्यांच्या मध्यें कोणी नसतें. ऐकतांना एक तिसरा मनुष्य मध्यें येऊन बसतो. तो कोठें बसतो आणि किती जागा अडवितो, ह्यावर सारें अवलंबून आहे. गेल्या पांचसहा वर्षांत आम्हीं जीं श्राव्य पुस्तकें ऐकलीं, त्यांपैकीं कांहींचा बरावाईट हिशेब ह्या एकाच प्रश्नाच्या अनुरोधानें येथें मांडीत आहों.

बोलक्या पुस्तकाची कल्पना तशी जुनी. फोनोग्राफचे संभाव्य उपयोग एडिसननें १८७८ सालीं प्रसिद्ध केले, त्यांत अंधांना विनासायास ऐकतां येतील अशीं पुस्तकें होतींच. इंग्लंडांत तीं प्रत्यक्ष यावयास १९३५ साल उजाडलें. पहिल्या महायुद्धांत दृष्टि गमावलेले सैनिक आणि इतर अंध ह्यांच्यासाठीं त्या वर्षीं तबकड्यांवर पुस्तकें निघालीं. ह्या तबकड्या नेहमींच्या तबकड्यांपेक्षां पुष्कळ सावकाश फिरत, त्यामुळें एका बाजूवर सुमारें २५ मिनिटांचें वाचन मावे. अगदीं पहिल्या पुस्तकांत अ‍ॅगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ ही कादंबरी होती. निवड करणाराचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें. खेडेगांवचा डॉक्टर शेपर्ड ही सगळी हकीकत स्वतःच्या तोंडानें सांगतो, आणि त्याच्या सांगण्याच्या सुरावरच पुस्तकाचा सारा डोलारा उभा आहे. ज्यांनीं ती वाचली आहे त्यांस आमच्या म्हणण्याचें मर्म कळेल. ज्यांनीं वाचली नाहीं त्यांचा रसभंग करण्याचें पाप आम्ही घेत नाहीं. ह्यू फ्रेझर ह्यांनीं केलेलें ह्या कादंबरीचें वाचन आम्हीं दोनदां ऐकलें. दूरचित्रवाणीवरील प्वारोच्या मालिकेंत कॅप्टन हेस्टिंग्ज झालेले तेच हे गृहस्थ. त्यांना शेवट माहीत आहे. पण तो माहीत असल्याची पुसट खूणसुद्धां ते कोठें आवाजांत उमटूं देत नाहींत. एखादा हौशी नट असता तर तिसऱ्या प्रकरणांतच सूचक खांकरला असता!

आतां घरच्या मंडळींकडे वळूं. मराठींत ह्या विषयाची चर्चा पु. ल. देशपांडे ह्यांच्यापासून सुरू न करणें अशक्यच. ‘म्हैस’, ‘नारायण’, ‘हरितात्या’, ‘अंतू बर्वा’ हीं त्यांच्या आवाजांतील कथनें कॅसेटच्या काळापासून घरोघर इतकीं वाजलीं आहेत कीं, पुस्तक हातांत न धरलेल्या मुलांनाहि त्यांतील वाक्यें पाठ येतात. पण आमचें एक मत वाचकांस कदाचित् रुचणार नाहीं. हीं श्राव्य पुस्तकें नव्हेत. हे प्रयोग आहेत. ‘म्हैस’ आम्हांस ऐकावयासच आवडते, त्या एस्. टी.-मधील उतारूंचा गलका कागदावर निम्माच पोंचतो. परंतु ‘अंतू बर्वा’ आम्ही पुस्तकांतूनच वाचणें पसंत करतों. त्या म्हाताऱ्याच्या विनोदाखालीं जें एकटेपण आहे, तें सभागृहांतील हास्याच्या लाटेंत वारंवार बुडून जातें. लोक हंसतात तें चूक नाहीं; पण आपणहि त्यांच्याबरोबर हंसावें असा आग्रह होतो, आणि जेथें क्षणभर गप्प राहावेंसें वाटतें तेथें गप्प राहतां येत नाहीं. शिवाय एकदां तो आवाज कानांत बसला कीं तें पान स्वतःच्या मनांतील आवाजांत वाचण्याची सोय कायमची जाते. लेखक स्वतः इतका मोठा नट असला म्हणजे हें व्हावयाचेंच. ह्याच्या उलट, मिरासदार आणि शंकर पाटील ह्यांचें कथाकथन ऐकून मग तीच कथा वाचली तर ती अधिक खुलते, असा आमचा अनुभव आहे. कारण ते पात्र होत नाहींत. पात्राशेजारीं पारावर बसतात.

‘श्यामची आई’चीं तीन निरनिराळीं वाचनें आम्हीं ऐकलीं. हें पुस्तक मुळांत ऐकण्याचेंच आहे. साने गुरुजींनीं त्यांतील प्रकरणांस प्रकरणें न म्हणतां ‘रात्री’ म्हटलें आहे. श्याम रोज रात्रीं आश्रमांतील सोबत्यांना एकेक आठवण सांगतो आणि अशा बेचाळीस रात्री होतात. म्हणजे ऐकणाऱ्यांची बैठक पुस्तकांतच मांडून ठेवलेली आहे, वाचणारानें फक्त दिवा लावावयाचा. तिघांपैकीं दोघांनीं मात्र दिव्याऐवजीं आतषबाजी केली. एकानें प्रत्येक रात्रीच्या आरंभीं व शेवटीं बांसरी घातली. दुसऱ्याचा कंठ पहिल्या रात्रीपासूनच दाटलेला; मग मृत्यूच्या रात्रीसाठीं त्याच्यापाशीं शिल्लक काय राहणार? श्रोत्याच्या वांट्याचें रडणें वाचणारानेंच उरकून टाकलें म्हणजे श्रोत्याचे डोळे कोरडे राहतात. तिसरें वाचन एका मध्यमवयीन बाईंचें. त्या शिक्षिकेसारख्या स्पष्ट, थोड्या कोरड्या आवाजांत वाचतात आणि कोठेंच थबकत नाहींत; आमच्या घरांत मात्र तें ऐकतांना कोणी कोणाकडे पाहत नव्हतें. एक तक्रार राहतेच, आणि ती वाचणाराविरुद्ध नाहीं. एक रात्र संपली कीं हें यंत्र आपण होऊन दुसरी सुरू करतें. श्यामच्या सोबत्यांना मध्यें एक दिवस मिळत असे, तो आपणहि घ्यावा.

आमच्या घरांतील ह्या विषयांतील खऱ्या अधिकारी व्यक्ति म्हणजे आमच्या आत्याबाई. वय ८६. पन्नास वर्षें ग्रंथालयाच्या वर्गणीदार. आठवड्याला दोन पुस्तकें हा नेम. चार वर्षांपूर्वीं डोळ्यांच्या पडद्याच्या मध्यभागास विकार झाला. दार, खिडकी, कोणी आलें-गेलें तें त्यांना दिसतें. पण ज्यावर नजर रोखावी नेमकें तेंच नाहींसें होतें: अक्षर आणि समोरच्याचा चेहरा. आपल्यासारख्यांना श्राव्य पुस्तक ही एक सोय. त्यांना तें न मिळालें तर पुस्तकच नाहीं. म्हणूनच कीं काय, त्यांच्याइतका निष्ठुर परीक्षक आम्हीं पाहिला नाहीं. ‘स्मृतिचित्रें’चें एक वाचन आम्हीं मोठ्या हौसेनें त्यांना लावून दिलें. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांच्या सोंवळ्याच्या हकीकती आल्या आणि वाचणाऱ्या बाई स्वतःच किंचित् हंसल्या. आत्याबाईंनीं लगेच बंद करावयास सांगितलें. “ही मला वाचून दाखवते आहे, कीं आपल्याला किती समजलं तें दाखवते आहे? लक्ष्मीबाई स्वतः कधीं हंसल्या का ह्यांत?” ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. सोसलेलें दुःख जसें घडलें तसें सांगून टाकावें आणि हंसूं आलें तर तें ऐकणाराला यावें, हीच त्या पुस्तकाची रीत आहे.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ मात्र त्यांनीं सबंध ऐकली, आणि दोनदां ऐकली. यमू आपली कथा लहानपणापासून सांगूं लागते. म्हणून पुष्कळ वाचिका आरंभीं बोबडा, लाडिक आवाज काढतात. हें सारें सांगणारी यमू लहान नाहीं, ती भोगून बसलेली बाई आहे, ही साधी गोष्ट त्यांच्या ध्यानांत येत नाहीं. आत्याबाईंना पटलेल्या वाचिकेनें आवाज बदलला नाहीं, फक्त गति बदलली: माहेरचें भरभर, सासरचें सावकाश.

इंग्रजीकडे थोडक्यांत पाहूं. वुडहाउस ऐकावयाचा तर जोनाथन सेसिल ह्यांचा. २०११ सालीं ते वारले, पण त्यांचा बर्टी वूस्टर अजून तसाच निश्चिंतपणें बडबडतो आहे. जॉर्ज इलियटची ‘मिडलमार्च’ ज्यूलिएट स्टीव्हन्सन सुमारें ३५ तास वाचतात. आम्हीं ती दसऱ्यास सुरू करून संक्रांतीस संपविली आणि पुढें आठवडाभर घर सुनें वाटलें. जॉर्ज सॉन्डर्सच्या ‘लिंकन इन द बार्डो’स २०१७ सालीं १६६ जणांनीं आवाज दिले. स्मशानांतील भुतांची ती गोष्ट. श्राद्धाच्या पंक्तीस सारा गांव लोटावा तसें झालें आहे. कोण बोलून गेलें तें कळेपर्यंत तिसराच बोलूं लागतो. एका माणसानें शांतपणें वाचली असती तर आम्हांस अधिक भय वाटलें असतें.

अलीकडे यंत्रच वाचूं लागलें आहे आणि मराठींतहि तें बरेंच बोलतें. परंतु आपल्या लिपींत एक गंमत आहे. ‘जरा थांबा’ मधला ‘जरा’ आणि वार्धक्य ह्या अर्थाचा ‘जरा’ कागदावर एकच. ‘चार माणसें’ आणि ‘गुरें चार’ ह्यांतला ‘चार’हि एकच. उच्चार मात्र निरनिराळे, आणि ते कोठें लिहिलेले नसतात. घरांत ऐकूनच यावयाचे. आम्हीं ऐकलेल्या एका यांत्रिक वाचनांत म्हाताऱ्याच्या जरेची अशी कांहीं दशा झाली कीं आत्याबाई म्हणाल्या, “ह्याला लहानपणीं कोणीं गोष्ट सांगितलेली दिसत नाहीं.” तरी न्याय करावयाचा तर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, रोजचें वर्तमानपत्र आणि आलेलीं पत्रें त्या ह्याच यंत्राकडून ऐकतात आणि कोणाची वाट पाहत नाहींत. सकाळीं सातला वर्तमानपत्र वाचून दाखविण्यास घरांत कोण मोकळें असतें? बातमी यंत्रानें वाचावी, ह्यास आमची हरकत नाहीं. दीडपट वेगानें कादंबरी ऐकणाऱ्या तरुणांविषयीं मात्र आम्ही कांहीं बोलत नाहीं. श्रीखंड ढोसणारांस कोण काय सांगणार!

आत्याबाईंची सध्यांची मागणी चिं. वि. जोशांची आहे. जोशी १९६३ सालीं वारले. आपल्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या मृत्यूच्या वर्षानंतर ६० वर्षें हक्क राहतो, म्हणजे त्यांच्या हयातींत निघालेलीं पुस्तकें २०२४ च्या आरंभापासून सर्वांस खुलीं झालीं आहेत. साने गुरुजींचीं तर २०११ पासूनच. ज्याला वाचतां येतें त्यानें तीं वाचून ध्वनिमुद्रित करावीं, आतां कोणाची आडकाठी नाहीं. अडचण आहे ती वाचणाराची. चिमणराव म्हटलें कीं जुन्या मंडळींच्या कानांत दूरदर्शनवरील मालिकेंतले दिलीप प्रभावळकर बोलूं लागतात, आणि आम्हीं ऐकलेल्या दोघां वाचकांनीं त्यांचीच नक्कल केली. शिवाय विनोद जवळ आला कीं दोघेहि आधींच खुदखुदूं लागतात. चिमणरावाला आपण विनोदी आहों हें ठाऊकच नाहीं. तो बिचारा अगदीं गंभीरपणें आपली फजिती सांगत असतो. तितक्याच गांभीर्यानें वाचणारा मनुष्य आम्हांस पाहिजे आहे. वाचकांपैकीं कोणाच्या ऐकण्यांत असें वाचन आलें असल्यास आम्हांस अवश्य कळवावें. तोंपर्यंत रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीच त्यांना एकेक गोष्ट वाचून दाखवीत आहों; आणि आत्याबाईंच्या मतें आमचा गुंड्याभाऊ फार मोठ्यानें बोलतो.