मुटिएचा सीमाप्रश्न मतपेटीतून सुटला. पण किती सुटला?

गेल्या १ जानेवारीला, म्हणजे २०२६ च्या पहिल्याच दिवशी, स्वित्झर्लंडच्या अंतर्गत नकाशावरची एक रेघ सरकली. मुटिए नावाचे जेमतेम सव्वासात हजार वस्तीचे शहर बर्न राज्यातून निघून शेजारच्या ज्युरा राज्यात गेले. लाठीमार झाला नाही, बस जाळल्या नाहीत, कुणाच्या तोंडाला काळे फासले गेले नाही. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ही बातमी कुठे दिसलीही नसेल. पण ज्यांच्या दोन-तीन पिढ्या सीमाप्रश्नात गेल्या, त्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वाचकाने ती नीट समजून घ्यावी अशीच आहे. कारण या शहराचा प्रश्न भाषेतूनच सुरू झाला, आणि तो केवळ भाषेच्या आधारावर सुटला मात्र नाही.

एक देश, चार भाषा, २६ राज्ये

स्वित्झर्लंडचे क्षेत्रफळ ४१,२८५ चौरस किलोमीटर. महाराष्ट्राच्या सातव्या हिश्शापेक्षाही कमी. लोकसंख्या सुमारे नव्वद लाख. एवढ्याशा देशात २६ राज्ये आहेत, त्यांना तिथे ‘कँटोन’ म्हणतात. प्रत्येकाची स्वतःची राज्यघटना, स्वतःचा आयकर, स्वतःचे शिक्षण खाते.

सिनेमात दिसतो तो बर्फाच्या डोंगरांचा आल्प्स हा देशाचा एक भाग. मधल्या पठारावर झुरिच, बर्नसारखी शहरे आणि बहुतेक लोकसंख्या. वायव्येला फ्रान्सच्या हद्दीला लागून ज्युराचा चुनखडीचा डोंगराळ पट्टा. ‘ज्युरासिक’ हा शब्द जगाला दिला तो याच डोंगरांनी.

भाषा चार. जर्मन बोलणारे साठ टक्क्यांहून थोडे जास्त, फ्रेंच बोलणारे साधारण चौथ्या हिश्शाला थोडे कमी, इटालियन आठेक टक्के, आणि रोमान्श एक टक्क्याच्याही खाली. १७ राज्ये जर्मन भाषिक, चार फ्रेंच आणि एक इटालियन. बर्न, फ्रिबूर आणि वाले ही तीन राज्ये द्विभाषिक. ग्राउब्युंडेन हे एकच राज्य तीन भाषांत चालते.

वरवर पाहता सगळे कसे गुण्यागोविंदाने चाललेले दिसते. पण भाषेवरून आणि राज्याच्या हद्दीवरून इथेही भांडण झाले, आणि ते चांगले पाऊणशे वर्षे चालले.

विचारले कुणालाच नव्हते

ज्युराचा डोंगराळ भाग पूर्वी बासेलच्या बिशपच्या सत्तेखाली होता. नेपोलियनच्या पाडावानंतर १८१५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत युरोपच्या राजांनी नकाशे पसरले आणि हा भाग बर्नच्या पदरात टाकला. बर्न जर्मन भाषिक आणि प्रोटेस्टंट. हा भाग बहुतांशी फ्रेंच भाषिक, त्यातही उत्तरेकडचा अर्धा कॅथलिक. तिथल्या लोकांचे मत कुणी घेतले नाही.

कुरबूर शंभरेक वर्षे चालली. ठिणगी पडली १९४७ मध्ये. बर्नच्या मंत्रिमंडळात जॉर्ज मेक्ली हे ज्युराचे फ्रेंच भाषिक मंत्री होते. त्यांना बांधकाम खाते देण्याचे ठरले होते. पण एवढे महत्त्वाचे खाते फ्रेंच बोलणाऱ्याकडे नको, म्हणून विधिमंडळाने ते अडवले. खाते बांधकामाचे, पण घाव बसला अस्मितेवर. रोलाँ बेगलँ यांच्यासारख्या नेत्यांनी ‘रासाँब्लमाँ ज्युरासियँ’ ही संघटना बांधली आणि वेगळ्या राज्याची मागणी पुढे आली.

आंदोलन अगदी सोज्वळ होते असेही नाही. १९६० च्या दशकात ‘ज्युरा मुक्ती आघाडी’ने जाळपोळ केली. ‘बेलिए’, म्हणजे एडके, असे नाव घेतलेल्या तरुणांच्या गटाने १९८४ मध्ये इंटरलाकेनच्या संग्रहालयातून ८३.५ किलोचा एक ऐतिहासिक दगडच पळवला. १९९३ मध्ये बर्न शहरात स्वतःजवळच्याच बॉम्बचा स्फोट होऊन एक तरुण मेला. म्हणजे स्विस माणूस जात्याच शांत, म्हणून तिथे जमले, हे म्हणणे टिकत नाही. तिथे कामाला आली ती पद्धत.

आधी सगळ्यांना, मग जिल्ह्यांना, मग गावांना

१९५९ मध्ये पहिले मतदान झाले ते संपूर्ण बर्न राज्यात. मागणी अर्थातच पडली. मोठ्या राज्यातल्या बहुसंख्याकांना विचारले की अल्पसंख्याकांची मागणी पडणारच. बर्नने हे पुढे मान्य केले आणि १९७० मध्ये आपल्या राज्यघटनेत बदल करून ज्युराच्या सात जिल्ह्यांना स्वतःपुरते मत देण्याचा हक्क दिला. सगळ्या प्रकरणातला सर्वात मोठा निर्णय हाच. ज्यांचा प्रश्न त्यांचेच मत, हे तत्त्व ज्या राज्याचा मुलूख जाणार होता त्यानेच लिहून दिले.

२३ जून १९७४ ला सात जिल्ह्यांत मतदान झाले. वेगळ्या राज्याच्या बाजूने ३६,८०२, विरोधात ३४,०५७. पण हे मतदान शेवटचे नव्हते. ज्या जिल्ह्यांचा कौल एकूण निकालाच्या उलट होता, त्यांना पुन्हा विचारण्याची तरतूद होती. मार्च १९७५ मध्ये दक्षिणेकडच्या तीन जिल्ह्यांनी, म्हणजे कूर्तलारी, मुटिए आणि ला नवव्हिल यांनी, ‘आम्ही बर्नमध्येच राहणार’ असा कौल दिला. त्यानंतर तिसरी फेरी नव्या हद्दीला लागून असलेल्या गावांची. ज्यांना पलीकडे जायचे त्यांनी गावापुरते मतदान करून जावे.

खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. सीमाभागातल्या वाचकाला ही चतुःसूत्री पाठ आहे. स्विस लोकांनी यातली खेडे, सलगता आणि लोकेच्छा ही तीन सूत्रे प्रत्यक्ष वापरली. भाषिक बहुसंख्येला मात्र सूत्र मानले नाही, कारण लोकेच्छा विचारल्यावर भाषा मोजायची गरज उरत नाही, असा त्यांचा हिशेब.

आणि तो महत्त्वाचा ठरला. दक्षिणेकडचे तीन जिल्हेही फ्रेंचच बोलत होते. भाषा एकच असूनही ते फुटले. कारण दक्षिण प्रोटेस्टंट होती, घड्याळांच्या धंद्यामुळे तिथे बर्नकडून येऊन स्थायिक झालेली जर्मन भाषिक कुटुंबेही बरीच होती. कॅथलिक उत्तरेच्या राज्यात आपण अल्पसंख्य होऊ ही भीती त्यांना भाषेच्या ओढीपेक्षा मोठी वाटली.

नव्या राज्याला मान्यता द्यायची तर स्विस राज्यघटनेप्रमाणे अख्ख्या देशाचे मतदान लागते. २४ सप्टेंबर १९७८ ला ८२.३ टक्के मतदारांनी आणि सर्वच्या सर्व राज्यांनी होकार दिला. १ जानेवारी १९७९ ला देलेमों राजधानी असलेले ज्युरा राज्य अस्तित्वात आले.

मतदान खोटे ठरले, तर पुन्हा

मुटिए मात्र मधल्या मध्ये लटकले. जिल्हा बर्नकडे, पण शहरात ज्युरावाद्यांचे बळ वाढत गेलेले. १९८२ पासून नगरपालिका त्यांच्या हाती. १९९८ च्या सल्लामसलतीच्या मतदानात बर्नवाले अवघ्या ४१ मतांनी तरले. १८ जून २०१७ ला अधिकृत मतदान झाले आणि ज्युराची बाजू १३७ मतांनी जिंकली. २,०६७ विरुद्ध १,९३०. रस्त्यावर रात्रभर जल्लोष झाला.

वर्षभराने, नोव्हेंबर २०१८ मध्ये, बर्नच्या विभागीय प्रशासकाने हे मतदानच रद्द केले. शहरात प्रत्यक्ष न राहणाऱ्यांची नावे मतदार यादीत होती आणि नगराध्यक्षांनी अधिकृत पदावरून एका बाजूचा प्रचार केला, असे दोन मुख्य ठपके. २०१९ मध्ये न्यायालयानेही रद्दबातलीवर शिक्कामोर्तब केले. ज्युरावाद्यांनी मोर्चे काढले, बर्नवर सुडाचा आरोप केला. पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडत बसण्यापेक्षा पुन्हा मतदान घ्यायचे ठरले. या वेळी यादी तपासली गेली, केंद्राचे निरीक्षक बसले. २८ मार्च २०२१ ला निकाल आला. ज्युराकडे २,११४, बर्नकडे १,७४०. अंतर १३७ वरून ३७४ वर गेले. आता कुणाला बोट ठेवायला जागा राहिली नाही.

लबाडी फक्त एका बाजूने झाली असे मात्र नाही. शेजारच्या लाउफेन या जर्मन भाषिक जिल्ह्याने १९८३ मध्ये बर्नमध्येच राहण्याचा कौल दिला होता. पुढे उघड झाले की बर्न सरकारने गुप्त निधीतून बर्नवाद्यांना पैसे पुरवले होते. ही भानगड बाहेर काढली ती बर्नच्याच वित्त खात्यातल्या एका लेखापरीक्षकाने. १९८८ मध्ये स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द केले, १९८९ मध्ये फेरमतदान झाले, निकाल उलटला आणि १९९४ मध्ये लाउफेन बासेल-लांटशाफ्ट राज्यात गेले. म्हणजे एकदा ज्युराच्या बाजूचा विजय पुसला गेला, एकदा बर्नच्या बाजूचा. दोन्हीकडच्या हरलेल्यांनी शेवटी निकाल मानला, त्यामागे हे कारण मोठे आहे.

हिशेब कागदावर

मतदान २०२१ ला झाले आणि बदल २०२६ ला. मधली पाच वर्षे कशाला लागली? हिशेबाला. शाळा कुणाची, पोलीस कुणाचे, करवसुली कुठल्या तारखेपासून, बर्नच्या मालमत्तेचे काय, बर्नच्या कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांचे काय. रुग्णालयाचे भवितव्य तर प्रचारातलाच मोठा मुद्दा होता. हे सगळे दोन राज्यांच्या करारात कलमवार लिहिले गेले. त्या करारावर सप्टेंबर २०२४ मध्ये दोन्ही राज्यांत मतदान झाले. ज्युरात ७२.९ टक्के होकार, आणि शहर गमावणाऱ्या बर्नमध्ये ८३.२ टक्के. नंतर केंद्रीय संसदेची मंजुरी.

मुटिए आल्यामुळे पंचाहत्तर हजारांच्या आत असलेले ज्युरा राज्य ऐंशी हजारांच्या पुढे गेले, आणि मुटिए देलेमोंनंतरचे तिथले दुसरे मोठे शहर झाले. पण हे शहर श्रीमंत नाही. घड्याळांचे बारीक भाग कातणाऱ्या लेथ यंत्रांवर त्याची भरभराट झाली होती आणि तो धंदा मंदीत गेला तेव्हा शहरही खचले. ज्युराही स्विस राज्यांत गरीबच. त्यामुळे अस्मिता जिंकली तरी पगारपाण्याचा प्रश्न आहे तिथेच आहे.

राहिलेल्यांचे काय?

खरी मेख इथे आहे. संपूर्ण फ्रेंच ज्युरा एक झालेला नाही, होण्याची चिन्हेही नाहीत. २०१३ मध्ये ‘एकत्र राज्याची बोलणी सुरू करावीत का’ असे विचारले, तेव्हा बर्नमधल्या दक्षिण ज्युराने ७० टक्क्यांहून जास्त मतांनी नकार दिला. मुटिएला लागून असलेल्या बेलप्राओं गावाने २०१७ मध्ये १२१ विरुद्ध ११४ मतांनी बर्नमध्ये राहणे पसंत केले. उलट टोकाला एडर्सविलर हे जर्मन भाषिक गाव, मनाविरुद्ध ज्युरातच अडकले. आणि मुटिएतल्या १,७४० जणांनी ‘नको’ म्हटले होते, तेही आता ज्युराचेच नागरिक.

पण बर्नने मागे राहिलेल्या फ्रेंच भाषिकांना नुसते आश्वासन दिले नाही. सात जणांच्या मंत्रिमंडळात त्यांच्यासाठी एक जागा राज्यघटनेनेच राखून ठेवली आहे. शाळा आणि संस्कृतीच्या विषयांत अधिकार असलेली त्यांची वेगळी निवडून दिलेली परिषद आहे. बील ऊर्फ बिएन या शहराची तर नावेच दोन. रस्त्यांच्या पाट्या दोन्ही भाषांत, नगरपालिकेत दोन्ही भाषा. १९४७ मध्ये एक खाते नाकारले म्हणून राज्य फुटले, तो धडा बर्नने चांगला लक्षात ठेवला.

आपल्याकडे काय लागू पडते

तुलना ताणू नये. आपल्या राज्यघटनेच्या कलम ३ प्रमाणे राज्यांच्या हद्दी बदलण्याचा अधिकार संसदेचा. संबंधित विधानसभेचे मत विचारले जाते, ते बंधनकारक नसते, आणि त्या गावातल्या माणसाला तर विचारण्याची तरतूदच नाही. १९६७ च्या जानेवारीत गोव्यात सार्वमत झाले, तो अपवाद. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मतांनी गोवा महाराष्ट्रात जाण्यापासून वाचला किंवा मुकला, ज्याने त्याने म्हणावे. पण नंतर तो वाद पुन्हा पेटला नाही. त्याच वर्षी महाजन आयोगाचा अहवाल आला. बेळगाव शहर तेव्हाच्या म्हैसूरकडेच ठेवून गावांची देवाणघेवाण सुचवली गेली, महाराष्ट्राने ती नाकारली, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. सीमाभागातल्या मतदाराला थेट तो एक प्रश्न आजवर विचारला गेलेला नाही.

दिल्लीतला निकाल लागेल तेव्हा लागेल. पण बर्नने जे राहिलेल्यांसाठी केले, ते करायला कुठल्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही. अल्पसंख्य भाषेत कागदपत्रे, पाट्या, शाळा, कारभारात हक्काची जागा, हे हद्द न हलवताही देता येते. आणि उद्या हद्द हलली, तरी नव्या बाजूला कन्नड भाषिक अल्पसंख्य उरतीलच, तेव्हा त्यांच्यासाठीही हेच लिहून ठेवावे लागेल. मुटिएत आज ज्युरा सरकारसमोर तोच प्रश्न आहे. नको म्हणणाऱ्या १,७४० जणांना दहा वर्षांनी आपण परके वाटलो नाही असे म्हणता आले, तरच हा सीमाप्रश्न सुटला असे म्हणता येईल.