महापूर सर्वांचा, विमा मात्र ज्याचा त्याचा?

कृष्णा-पंचगंगेच्या काठावरील घरमालकांना हल्ली एक सल्ला वारंवार ऐकविला जातो: घराचा विमा उतरवा. पूर यायचाच, सरकारने किती काळ पुरे पडावयाचे? शहाण्याने आपली सोय आपण पाहावी. सल्ला वरवर निरुपद्रवी वाटतो. वस्तुतः त्यामागे एक संपूर्ण राजकीय भूमिका दडलेली आहे. जो धोका समाजाच्या निर्णयांतून निर्माण झाला, तो ज्याच्या दारात पाणी शिरले त्याचा खाजगी प्रश्न आहे, अशी ती भूमिका होय.

हा धोका निर्माण तरी कोण करतो? सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथे कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. २००५ चा अनुभव गाठीशी होता, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच घडले. कोयनेतून पाणी केव्हा व किती सोडावयाचे, हे सूर्यवंशी प्लॉटमधील घरमालक ठरवीत नाही. अलमट्टीची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याच्या कर्नाटकाच्या आग्रहातही त्याचे मत कोणी विचारलेले नाही. (पुरात अलमट्टीचा वाटा किती, हा तज्ज्ञांचा वाद आहे, परंतु त्या वादाच्या आडून आपल्याच नगरपालिकांचे वर्तन झाकले जाते, हेही खरे.) पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा पाटबंधारे खात्याच्या नकाशावर असते. निळ्या रेषेच्या आत बांधकाम होऊ नये, असा दंडक. तरीही नदीच्या पात्रालगत भराव पडले, नाले बुजले, इमारती उभ्या राहिल्या. २०१९ च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेही पूरक्षेत्रातील अतिक्रमणांवर बोट ठेवले. भूखंड विकणारा पैसे घेऊन मोकळा झाला, परवाना देणारा निवृत्त झाला. गाळ उपसावयास मागे राहिला तो वीस वर्षांचे कर्ज काढून घर घेणारा शिक्षक, कारकून, छोटा दुकानदार.

त्याला सरकार काय देते? २०१९ मध्ये ‘क्षेत्र दोन दिवसांपेक्षा अधिक काळ पाण्यात बुडाले असल्यास’ दहा किलो गहू व दहा किलो तांदूळ देण्याचा शासननिर्णय निघाला आणि त्यावर रास्त गदारोळ उठला. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरविलेल्या निकषांत संपूर्ण पडलेल्या घरास सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये आहेत. अंशतः पडलेल्या पक्क्या घरास साडेसहा हजार. कोल्हापूरच्या कुंभार गल्लीत किंवा सांगलीच्या दत्तनगरात बहुसंख्य घरे पडत नाहीत, ती भिजतात. भिंती फुगतात, वायरिंग जळते, कपाटे, गाद्या, धान्य सारे उकिरड्यावर जाते. साडेसहा हजारांत चिखल काढण्याची मजुरी भागली तरी पुष्कळ.

मग विमा का नको? विमा हवाच, प्रश्न कोणता विमा, हा आहे. एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सर्व कंपन्यांना विकावी लागते आणि तीत पुराचे संरक्षणही आहे. परंतु पॉलिसी ऐच्छिक आहे, आणि पुराच्या ऐच्छिक विम्यात एक जन्मजात दोष असतो. टेकडीवरचा मनुष्य तो घेत नाही, नदीकाठचा घेतो. सारे धोक्यातलेच ग्राहक एकत्र आले की हप्ता वाढतो, हप्ता वाढला की त्यांतले गरीब गळतात, आणि उरलेल्यांचा हप्ता आणखी चढतो. करार मुदतीचा असल्याने एका महापुरानंतर कंपनीला दर वाढविता येतो, अंग काढून घेता येते. घर गहाण असेल तर भरपाईवर पहिला हात बँकेचा. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविम्यावरील वस्तू व सेवा कर उठविण्यात आला. घराच्या विम्याला मात्र ती सवलत मिळाली नाही.

१९७३ मध्ये सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, ते धोका समाजाने वाटून घ्यावा या विचाराने. २००० मध्ये खाजगी कंपन्यांना दार उघडले. २००७ पासून आगविम्याचे दर नियंत्रणमुक्त झाले. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये, सांगली-कोल्हापूरच्या घरांतील ओल वाळली नव्हती तेव्हा, सरकारी विमा कंपन्यांतील शासनाचा हिस्सा ५१ टक्क्यांखाली नेण्यास मोकळीक देणारी दुरुस्ती संसदेने संमत केली.

बाजारपेठेची पूजा करणाऱ्या अमेरिकेलाही हे जमलेले नाही. १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरानंतर तेथील खाजगी कंपन्यांनी पूरविम्यातून काढता पाय घेतला, आणि अखेर १९६८ मध्ये तो केंद्र सरकारला सुरू करावा लागला. कॅटरिनासारख्या वादळांनी ती योजना कर्जात बुडाली. २०१७ मध्ये १६ अब्ज डॉलर माफ करूनही २० अब्जांहून अधिक देणे उरले. २०२१ पासून त्यावर उपाय म्हणून प्रत्येक घराच्या स्वतंत्र धोक्यानुसार हप्ता आकारणे सुरू झाले. म्हणजे पुन्हा ज्याचे त्याने पाहावे! याउलट फ्रान्सने १९८२ मध्ये, मितराँच्या समाजवादी राजवटीत, मालमत्तेच्या प्रत्येक विम्यावर एकाच दराचा अधिभार बसविला. घर नदीकाठी असो वा डोंगरावर, दर तोच. आणि पाठीशी शासनाची हमी. हवामान बिघडल्याने हा अधिभार १२ टक्क्यांवरून २०२५ मध्ये २० टक्के करावा लागला, परंतु तत्त्व सोडले गेले नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो: स्वस्त विम्यामुळे लोक मुद्दाम पूरपट्ट्यात घरे बांधतील. जणू सुतारवाड्यातील कुटुंबे नदीच्या शोभेसाठी तेथे राहतात! स्वस्त जागा जेथे मिळाली तेथे ती राहिली. आक्षेपात तथ्य आहे ते नव्या बांधकामांपुरते, आणि त्याचे उत्तर विम्याचा चढा दर हे नसून परवाना नाकारणे हे आहे. पूरक्षेत्रातील बांधकामांचे नियमन करणाऱ्या कायद्याचा नमुना केंद्रीय जल आयोगाने १९७५ मध्येच राज्यांकडे पाठविला होता. मणिपूर, राजस्थान अशा मोजक्याच राज्यांनी तसा कायदा केला; महाराष्ट्र त्यांत नाही.

फ्रान्सची योजना जशीच्या तशी येथे चालणार नाही, कारण आपल्याकडे घराचा विमाच फार थोडे उतरवितात. परंतु घरपट्टी ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत सर्वत्र आकारली जाते. तीवर राज्यभर एक पूर-अधिभार बसवावा. तो नदीपासूनच्या अंतरावर नव्हे, मालमत्तेच्या मूल्यावर ठरावा. मलबार हिलवरील सदनिकाधारकाने सांगलीच्या गावभागातील घरमालकापेक्षा अधिक द्यावा. त्यातून सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपनीमार्फत प्रत्येक घराला, आणि ज्यांच्या नावे उतारा नाही अशा भाडेकरू व झोपडीवासीयांच्या चीजवस्तूंनाही, संरक्षण मिळावे. शेतातल्या उभ्या पिकाच्या विम्याचा मोठा हिस्सा सरकारे २०१६ पासून भरीत आली आहेत. त्याच शेतकऱ्याच्या घराला ते तत्त्व का लागू नये, याचे उत्तर अर्थमंत्र्यांनी येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात द्यावे. आणि निळ्या रेषेच्या आत ज्यांनी परवाने दिले, ज्यांनी भूखंड विकले, त्यांची नावे सांगली व कोल्हापूर या दोन्ही महानगरपालिकांनी तत्पूर्वी जाहीर करावीत.