पदरी पडले, पवित्र झाले?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०, ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ या तिघांनाही मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची दुरुस्तीसेवा बंद झाली. ही बातमी संगणकवाल्यांची, आपल्याला तिचे काय, असे म्हणून बहुतेकांनी ती सोडून दिली असेल. मला मात्र वाटते की भाषा, लिपी, संस्कृती यांबद्दल बोलणाऱ्या माणसांनी अशा बातम्या जरा थांबून वाचायला हव्यात. आपण कशाने लिहितो, त्याचा परिणाम आपण काय लिहितो आणि आपले लिहिलेले किती काळ वाचता येते यावर होतो. वर्ड, एक्सेल, गूगल डॉक्स ही आजची दौत-लेखणी आहे. फरक एवढाच की जुनी दौत रातोरात आपला आकार बदलत नसे.

आता ती बदलते. सकाळी यंत्र सुरू करावे तर कालचे बटण दुसरीकडे गेलेले असते, कोपऱ्यात नवे चिन्ह उगवलेले असते आणि 'नवीन काय आहे ते पाहा' अशी चौकट डोळ्यांसमोर नाचत असते. आपण ती बंद करतो आणि कामाला लागतो. पदरी पडले, पवित्र झाले!

सगळेच बदल वाईट असतात असे अजिबात नाही. २००७ साली ऑफिसमध्ये जुन्या मेनूंच्या जागी 'रिबन' आली, तेव्हा पुष्कळांनी कपाळाला हात लावला होता. आज तीच अंगवळणी पडली आहे. एकच कागद अनेकांनी एकाच वेळी दुरुस्त करण्याची गूगल डॉक्सची सोय तर आपल्यासारख्या विखुरलेल्या मराठी माणसांना वरदानच म्हणायला हवी. फोंड्यातला लेखक, बेळगावातला मुद्रितशोधक आणि इंदूर-बडोद्यातले संपादक मंडळ यांना एका स्मरणिकेवर बसल्या जागी काम करता येते. पूर्वी याला टपालाचे चार हेलपाटे लागत. बोललेले मराठी टाइप करून देण्याची सोय ही अशीच. कळफलकाशी कधी मैत्री न झालेल्या कितीतरी ज्येष्ठांच्या आठवणी तिच्यामुळे कागदावर येऊ शकतात.

तेव्हा प्रश्न नव्या-जुन्याचा नाही. सोय कोणाची, हे कोण ठरवतो, हा प्रश्न आहे.

एक उदाहरण पाहा. एक्सेलला एक खोड आहे. तारखेसारखे काही दिसले की ते त्याची तारीख करून टाकते. माणसाच्या काही जनुकांची संक्षिप्त नावे 'मार्च १', 'सेप्ट १' अशा धर्तीची होती. शास्त्रज्ञ ती नावे तक्त्यात भरत आणि एक्सेल त्यांच्या तारखा करी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत अशा चुका सापडल्या. अखेर २०२० साली जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने काय केले? नावेच बदलली! आपोआप होणारी ही बदलाबदल बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ साली. म्हणजे जगभरच्या विद्वानांनी आपली परिभाषा बदलली आणि तीन वर्षांनी सॉफ्टवेअरला जाग आली.

जिथे इंग्रजीत काम करणाऱ्या नामांकित शास्त्रज्ञांची ही कथा, तिथे आमच्या मराठीची काय असणार?

'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द घ्या. पहिला आपल्या मिरामारला आहे, दुसऱ्या सत्तरीच्या डोंगरांत. दोन्हींतला 'र' वेगळा, आणि तो वेगळा उमटला नाही तर समुद्राच्या जागी डोंगर येतो. 'ॲ' हे अक्षर घ्या. मराठी माणसाला बँक, बॅट, ॲडव्होकेट यांच्याशिवाय घटकाभर चालत नाही. तरी या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' प्रमाण ठरवला, पण कितीतरी फॉन्ट अजूनही मुकाट्याने हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' पुढे करतात. २०२३ साली ऑफिसचा ठरीव फॉन्ट कॅलिब्रीवरून ॲप्टोसवर गेला, तेव्हा केवढी चर्चा झाली! या दोन्ही फॉन्टांत देवनागरी अक्षरच नाही. त्या चर्चेत आपण कुठेच नव्हतो.

याहून गंभीर गोष्ट जुन्या फाइलींची. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टांत लिहीत होतो. या फॉन्टांची युक्ती अशी, की रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीची वळणे बसवलेली. पडद्यावर 'पणजी' दिसे, पण संगणकाच्या पोटात भलत्याच चिन्हांची माळ साठवली जाई. तो फॉन्ट असेपर्यंत सगळे छान. तो नसला की पानभर अगम्य खुणा. शोधू गेलात तर शब्द सापडत नाही, कारण मुळात शब्द साठवलेलाच नसतो. त्या काळात त्याशिवाय इलाज नव्हता आणि त्या फॉन्टांनी मराठी छपाईची मोठी सेवा केली, हे मान्यच आहे. पण १९९० ते २०१० या वीस वर्षांतले आपल्या नियतकालिकांचे, मंडळांच्या अहवालांचे, नाटकांच्या संहितांचे किती लिखाण आज अशा फाइलींत अडकून पडले आहे, याचा विचार केला की पोटात गोळा येतो.

गोव्याच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज कागदांच्या शेजारी मोडीतले आणि गोंयकानडीतले कागद आहेत. ते वाचणारी माणसे आता मोजकीच उरली आहेत. मोडी मेली ती कोणी बंदी घातली म्हणून नव्हे. छपाईला बाळबोध सोयीची पडली, मग शाळांतून मोडी गेली आणि दोन पिढ्यांत आजोबांचे हस्ताक्षर नातवाला परके झाले. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली. जुन्या फॉन्टांतल्या फाइली ही आपली नवी मोडी आहे. पहिली मोडी वाचता न येण्याइतकी दूर जायला पन्नास-साठ वर्षे लागली, दुसरीला वीसही लागली नाहीत. मोडीचा कागद निदान दिसतो तरी. फाइल तर चकती बिघडली की दिसतही नाही. रूपांतर करून देणारी साधने आहेत, पण प्रत्येक फॉन्टाचे कोष्टक वेगळे आणि रूपांतरानंतर डोळ्यांत तेल घालून मुद्रिते तपासावी लागतात. हे माणसाचे काम आहे आणि ते करायला पैसा लागतो.

आता या मोठ्या कंपन्यांची अलीकडची धाव कुठे आहे ते पाहू.

पहिली धाव नजर ठेवण्याकडे. २०२० च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने 'प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर' नावाची सोय आणली. कोणता कर्मचारी किती दिवस ईमेल वापरतो, किती दिवस चॅट करतो, हे वरिष्ठांना नावानिशी दिसे. बोंबाबोंब झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने नावे काढून टाकण्याचे जाहीर केले. २०२५ साली टीम्समध्ये आणखी एक सोय येणार असल्याचे कळले. कर्मचारी कार्यालयाच्या वाय-फायला जोडला गेला की तो कोणत्या इमारतीत आहे याची नोंद आपोआप व्हावी. ती सुरुवातीला बंदच असेल, संस्थेने ठरवले तरच चालू होईल, असा खुलासाही आला. पण नोकरी करणाऱ्याला साहेबासमोर 'नको' म्हणण्याचे स्वातंत्र्य किती असते, हे काय सांगायला हवे?

दुसरी धाव तुमच्या वतीने लिहिण्याकडे. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने जेमिनी कार्यालयीन वर्गणीतच घातले आणि वर्गणी वाढवली. त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टने घरगुती वर्गणीत कोपायलट घालून दर वाढवले. ऑस्ट्रेलियात तर स्पर्धा व ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टला न्यायालयात खेचले. आरोप असा, की कोपायलट नसलेली जुन्या दराची 'क्लासिक' योजना उपलब्ध असूनही ग्राहकांपासून दडवली गेली. पुढच्याच महिन्यात कंपनीने तिथल्या ग्राहकांची माफी मागितली आणि पैसे परत देऊ केले. आयत्या बिळावर नागोबा बसतो हे ठाऊक होते, पण बिळाच्या मालकाकडून तो भाडेही घेतो हे नवीन.

पैशाचे सोडा. मला काळजी आहे ती मसुद्याची. मराठी पत्राला एक वळण होते. 'सा. न. वि. वि.' म्हटले की पुढचा माणूस सावरून बसे. 'कळावे, लोभ असावा' म्हटले की पत्र संपले तरी नाते संपत नसे. तक्रारीच्या अर्जाची भाषा वेगळी, शोकपत्राची वेगळी, आमंत्रणाची वेगळी. यंत्राने रचलेल्या मराठी मसुद्यांत हे भेद पुसले जातात. सगळी पत्रे सारख्याच इस्त्रीची, सारखीच गुळगुळीत आणि वाक्यांची घडण इंग्रजी. 'आपण या पत्राच्या वेळी कुशल असाल अशी मी आशा करतो' असे मराठीत कोण कोणाला लिहितो? पण असे मसुदे वाचून वाचून उद्याचा कारकून तेच मराठी समजेल.

यावर कोणी म्हणेल, ज्याला अर्ज लिहिताच येत नाही त्याला यंत्राने लिहून दिला तर बिघडले कुठे? काहीच बिघडले नाही. बेळगावात किंवा हैदराबादेत आपल्या भाषेत तक्रार मांडू पाहणाऱ्या म्हाताऱ्याला ही मदत मोलाचीच आहे. माझा आक्षेप मदतीला नाही, न मागता गळ्यात पडणाऱ्या मदतीला आहे. १९९७ च्या ऑफिसमध्ये कागदाच्या टाचणीचे एक चित्र डोळे मिचकावत विचारी, पत्र लिहिताय का? लोक इतके वैतागले, की पुढच्या आवृत्त्यांत आधी ते डिफॉल्ट बंद झाले आणि २००७ मध्ये पुरते गेले. ती टाचणी निदान आपल्या जागी आपल्याला लिहायला बसत नव्हती.

मग करायचे काय? उंटावरून शेळ्या हाकण्यापेक्षा तीन साध्या गोष्टी सुचवतो.

एक, आपल्या संस्थांनी, मग ते वाचनालय असो, नाट्यमंडळ असो की देवस्थान समिती, जुन्या फॉन्टांतल्या फाइलींची आजच यादी करावी आणि युनिकोडमध्ये रूपांतर करण्यासाठी अंदाजपत्रकात थोडी रक्कम ठेवावी. सभागृहाला रंग काढण्याइतकेच हे निकडीचे आहे.

दोन, सॉफ्टवेअर घेताना मराठीची परीक्षा घ्यावी. 'दऱ्या' नीट उमटतो का, 'ॲ' शोधता येतो का, शुद्धलेखन तपासनीस मराठी ओळखतो का, फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते का. लिबरऑफिस विनामूल्य आहे. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने २०२४ साली आपले सुमारे ३०,००० संगणक त्यावर नेण्याचे ठरवले. तेव्हा पर्याय नाही असे कोणी म्हणू नये.

तीन, यंत्राने केलेला मसुदा पाठवण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचावा. आपण समोरासमोर असे बोलू का, एवढेच स्वतःला विचारावे.

गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर मराठीच्या सरकारी वापराची तरतूद आहे. तिच्यासाठी माणसे रस्त्यावर उतरली होती. पण कायद्याने दिलेली भाषा टेबलावरच्या यंत्रात उतरली नाही, तर ती कायद्याच्या पुस्तकातच राहते. पुढच्या वेळी 'नवीन काय आहे' ही चौकट आली की बंद करण्याआधी एकदा विचारू या, यात आमच्यासाठी काय आहे?