टेम्पच्या पुढचा स्टार



आषाढी एकादशीला आमच्या घरी एक वाद ठरलेला असतो. बायको इंदूरची. तिच्या माहेरी साबुदाण्याच्या खिचडीवर कोथिंबीर हवीच. आमच्या बडोद्याच्या घरात उपवासाला जिरं चालतं, कोथिंबीर नाही. लग्नानंतरच्या पहिल्या एकादशीला आई तिला म्हणाली, "उपवासाचं तेवढंच घाल गं, बाकी काही नको." तिने उपवासाचं तेवढंच घातलं, म्हणजे कोथिंबीरही. चुकलं कुणाचंच नव्हतं. ‘उपवासाचं’ म्हणजे काय, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं एवढंच.

हाच घोळ मी ऑफिसात घातला, आणि तो खिचडीइतका स्वस्त पडला नाही.

मी पूर्वी होतो त्या कंपनीत नेटवर्क सुरक्षेचं एक अंतर्गत मानक होतं. कोणते पोर्ट उघडे ठेवायचे, कोणत्या सर्व्हरची तपासणी किती दिवसांनी करायची, असं सगळं त्यात. त्याला एक परिशिष्ट होतं: तपासणीतून कोणत्या फाइली वगळायच्या. अशी यादी लागतेच. चालू डेटाबेसच्या फाइली अँटिव्हायरस सारखा उघडून बघू लागला तर सर्व्हर रांगायला लागतो. लॉगच्या फाइली दर मिनिटाला बदलतात, त्यांच्यावर ‘बदल झाला की कळव’ असा पहारा बसवला तर दिवसभर घंटा वाजत राहते आणि संध्याकाळपर्यंत तिच्याकडे कुणी बघेनासं होतं. कार्डाने पैसे घेणाऱ्यांना लागू असलेलं पीसीआय डीएसएस हे मानकही महत्त्वाच्या फाइलींची निदान आठवड्यातून एकदा तुलना करायला सांगतं, पण या फाइली म्हणजे एरवी फारशा न बदलणाऱ्या, असंही सुचवतं.

ते परिशिष्ट मी लिहिलं. त्यातली एक ओळ अशी: ‘तात्पुरत्या फाइली इत्यादी वगळाव्यात, उदा. डेटा/*/टेम्प*’. (नावं इथे देवनागरीत लिहितोय, सर्व्हरवर अर्थात इंग्रजीत असतात.) माझ्या डोक्यात टेम्प, टेम्प1, टेम्प2 असे फोल्डर होते. स्टार म्हणजे ‘पुढे काहीही’. पण टेम्पच्या पुढे काहीही, यात टेम्प्लेटसुद्धा येतं. आणि आमच्या वेबसाइटची सगळी पानं ज्यातून तयार व्हायची ते फोल्डर नेमकं टेम्प्लेट नावाचं होतं. घरफोड्याने सगळ्यात आधी हात घालावा अशी जागा, आणि आम्ही पहारेकऱ्याला सांगून ठेवलं होतं की तिकडे बघू नकोस.

दुसरी गंमत मधल्या स्टारची. एका स्टारचा अर्थ सगळीकडे एकच नसतो. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी गिट वापरत असाल तर त्याच्या इग्नोर फाइलमधला स्टार स्लॅशपाशी थांबतो; खालच्या सगळ्या फोल्डरांत शिरायचं तर दोन स्टार लागतात. पायथनच्या एफएनमॅचमधला स्टार स्लॅशला जुमानतच नाही, थेट आत शिरतो. बॅशमध्ये ग्लोबस्टार हा पर्याय चालू नसेल तर दोन स्टार एकासारखेच वागतात. आमच्याकडे दोन प्रकारच्या सर्व्हरवर दोन वेगळी साधनं होती. ओळ तीच, पण एकाने एक पातळी वगळली आणि दुसऱ्याने अख्खं झाड.

अकरा महिने हे असंच चाललं. ऑडिटच्या वेळी टेम्प्लेटमधली एक फाइल बदललेली सापडली. शोध घेतल्यावर कळलं, आमच्याच एकाने घाईत दुरुस्ती केली होती. चोरी झाली नव्हती. पण ‘झाली नव्हती’ हे फक्त त्या एका फाइलबद्दल सांगता येत होतं. बाकीच्यांबद्दल आमच्याकडे अकरा महिन्यांची काहीही नोंद नव्हती.

बैठकीत ठपका आला तो यादी सर्व्हरवर चढवणाऱ्या मुलीवर. नुकतीच कॉलेजातून आलेली. "मानक नीट वाचलं नाही," असं तिला सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं. मी गप्प बसलो. संध्याकाळी जुने मेल चाळले तर सुरुवातीलाच तिने मला विचारलेलं सापडलं: "सर, टेम्प* मध्ये टेम्प्लेट पण येईल ना? तसंच हवंय का?" आणि माझं उत्तर, एका ओळीचं: "कॉमन सेन्स वापर."

दुसऱ्या दिवशी तो मेल मी बैठकीतल्या सगळ्यांना पाठवला. एक दिवस उशिराच.

मग ते परिशिष्ट तिने आणि मी मिळून पुन्हा लिहिलं. ‘उदा.’ आणि ‘इत्यादी’ काढून टाकलं. सुरुवातीलाच लिहिलं की स्टार स्लॅश ओलांडत नाही आणि अक्षरांचं कॅपिटल-स्मॉल वेगळं मानलं जातं (लिनक्सवर मानतात, विंडोजवर सहसा नाही). ज्या साधनाचा स्टार असा वागत नाही, त्याच्यासाठी वेगळी ओळ. प्रत्येक पॅटर्नखाली कोणत्या फाइली त्यात येतात आणि कोणत्या येता कामा नयेत, दोन्हींची नावं. ही दुसरी यादी लिहायला बसलं की चुका आपोआप दिसतात; टेम्प्लेट तिथेच सापडलं असतं. शिवाय कारण, जबाबदार माणूस आणि अपवाद संपायची तारीख. शेवटी चाचणी: ईआयसीएआर नावाची 68 अक्षरांची निरुपद्रवी फाइल असते, जिला अँटिव्हायरस मुद्दाम व्हायरस समजतात. ती वगळलेल्या जागेच्या शेजारी ठेवायची. घंटा वाजली नाही तर अपवाद हवा त्याहून मोठा झालाय.

तारीख का, तर अपवाद शिळे होतात. फेब्रुवारी 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्स्चेंज मेल सर्व्हरसाठी स्वतःच पूर्वी सुचवलेले काही अँटिव्हायरस अपवाद काढून टाकायला सांगितलं, कारण घुसखोरांनी तिथे ठेवलेल्या वेब शेल त्यामुळे नजरेतून सुटू शकत होत्या. अशी यादी चोरालाही हवीच असते. 2022 च्या सुरुवातीला उघड झालं की विंडोज 10 मधल्या डिफेंडरची अपवादांची यादी साध्या वापरकर्त्यालाही वाचता येत होती. पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाट बंद केली.

तुमच्यापैकी जे फुकटातले गेम उतरवतात त्यांच्यासाठी एक: ‘आधी हे फोल्डर अँटिव्हायरसच्या अपवादात घाला’ असं कुणी सांगितलं, तर तिथेच थांबा. गिट वापरणाऱ्यांनी चेक-इग्नोर ही आज्ञा ‘-व्ही’ लावून चालवून बघा; कोणती फाइल कोणत्या ओळीमुळे वगळली गेली ते ती दाखवते.

मी ती कंपनी सोडली. ते परिशिष्ट आता तीच सांभाळते. मध्यंतरी नव्या ठिकाणच्या मानकाचा मसुदा मी तिला नजर टाकायला पाठवला होता. एका शब्दाखाली लाल रेघ मारून परत आला. शब्द होता ‘वगैरे’.